त्याला 'सायनाइड' ऐकू आलं

सांगली

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. 'पोटॅशियम फेरिसायनाइड शंभर ग्रॅम द्या' म्हटल्याबरोबर केमिकलच्या दुकानात काउंटरवरच्या माणसानं वही मिटली, 'सायनाइड-बियनाइड आम्ही ठेवत नाही' म्हणाला आणि वर 'घरी माहितीये का?' असंही विचारलं. 'उन्हात फोटो छापायचेत' म्हटल्यावर तो हसला, याचा तुला जास्त राग आलेला दिसतो. हसायला नको होतं, मान्य. पण माल दिला नाही यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. त्याच्या स्टुलावर बसून बघ. वीस वर्षांचा मुलगा, एकटा, पाठीला सॅक, हातात मोबाइल. ऑर्डरचा कागद नाही, कॉलेजचं पत्र नाही, आणि मागतोय नावात सायनाइड असलेली वस्तू, तीही थोडीशीच. त्याला तुझा सायनोटाइपचा, म्हणजे उन्हात निळे फोटो छापायचा छंद कुठून दिसणार? त्याला भलतंच दिसलं, आणि 'घरी माहितीये का' हा प्रश्न त्या काळजीतून आला. त्याबद्दल मी तरी त्याला नावं ठेवणार नाही.

दुसरी बाजू कायद्याची. ॲसिड-हल्ल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २०१३ला आदेश दिला. ॲसिड विकायचं तर दुकानदारानं गिऱ्हाइकाचं फोटो-ओळखपत्र बघायचं, पत्ता, माप आणि कारण वहीत लिहायचं, १८ वर्षांखालच्याला द्यायचंच नाही, आणि चूक झाली तर ५० हजारांपर्यंत दंड. विषांच्या विक्रीसाठी १९१९चा जुना कायदा आहे तो वेगळाच. तुझा पदार्थ ॲसिड नाही. पण पगारावरच्या नोकराला कुठलं नाव कुठल्या यादीत आहे हे पाठ नसतं. नाही म्हटलं तर त्याचं शंभर ग्रॅमचं गिऱ्हाईक जातं, हो म्हणून चुकलं तर नोकरी जाते.

तुझ्या छपाईतला निळा म्हणजे प्रशियन ब्लू. गंमत अशी की या प्रकरणात नाव रंगावरून विषाला पडलंय, विषावरून रंगाला नाही. प्रशियन ब्लू हा रंग बर्लिनमध्ये १७०६च्या सुमारास अपघातानं सापडला. १७८२मध्ये शील नावाच्या स्वीडिश रसायनज्ञानं तो रंग गंधकाम्लाबरोबर तापवला आणि त्यातून जे जहाल आम्ल निघालं त्याला जर्मन लोक अजूनही 'निळं आम्ल' म्हणतात. 'सायन' म्हणजे ग्रीकमध्ये गडद निळा. पुढे त्या आम्लाच्या क्षारांना सायनाइड म्हणायला लागले, आणि आता निळ्या रंगाचं सामान मागायला गेलं की लोक दचकतात.

पोटॅशियम सायनाइडमध्ये सायनाइड मोकळं असतं, म्हणून ते मारतं. फेरिसायनाइडमध्ये सहा सायनाइड एका लोहाच्या अणूला असे घट्ट बांधलेले असतात की साध्या हाताळणीत सुटत नाहीत. याचा भाऊ, पोटॅशियम फेरोसायनाइड, मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून वापरतात. मिठाच्या पिशवीवर ५३६ हा आकडा दिसला तर तो तोच. आणि खुद्द प्रशियन ब्लू थॅलियम आणि किरणोत्सारी सीझियम पोटात गेल्यावर औषध म्हणून देतात. हे सगळं तुला कळावं म्हणून लिहिलं. काउंटरवर सांगत बसू नकोस, मागे रांग असते.

आता परत कसं जायचं ते.

साध्या कागदावर ऑर्डर लिहून ने: नाव, पत्ता, फोन, तारीख, सही, सोबत आधारची झेरॉक्स. पदार्थाच्या नावापुढे सीएएस नंबर टाक, इंग्रजी आकड्यांत. पोटॅशियम फेरिसायनाइड १३७४६-६६-२, आणि छपाईला लागणारं दुसरं रसायन, फेरिक अमोनियम सायट्रेट (ग्रीन) ११८५-५७-५. नोंद झालेल्या प्रत्येक रसायनाला असा स्वतंत्र नंबर असतो आणि तो बहुधा बाटलीच्या लेबलवर छापलेला असतो. ज्या पोटॅशियम सायनाइडला तो माणूस घाबरला त्याचा १५१-५०-८. नावात गोंधळ होतो, आकड्यात होत नाही. पुढे 'एलआर ग्रेड, प्रत्येकी १०० ग्रॅम, कंपनीच्या सीलबंद बाटलीत'. एलआर म्हणजे प्रयोगशाळेच्या साध्या कामाचा दर्जा. कारणाच्या रकान्यात 'ब्लूप्रिंट पद्धतीची कागदावरची छपाई' असं लिही. ते शब्दशः खरं आहे. इमारतींचे निळे नकाशे याच रसायनांनी निघायचे. 'सायनोटाइप' हा शब्द आधी काढलास की पुन्हा तेच. कॉलेजच्या फोटोग्राफी क्लबच्या सरांचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर उत्तम. पण क्लबसाठी नसेल तर क्लबसाठी आहे म्हणू नकोस.

सकाळी दुकान उघडल्यावर जा आणि मालकाशी बोल. जीएसटीचं बिल घे, सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या रसायनाचे धोके आणि काळजी सांगणारा कागद, माग. ती मागणारं गिऱ्हाईक वेगळं असतं हे दुकानदारांना कळतं. तिथेही नाही म्हणाले तर वाद न घालता दुसरं दुकान. मुंबईला जाणं झालं तर प्रिन्सेस स्ट्रीटला या मालाची बरीच दुकानं आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटं बांधून देत असतील तर मात्र घेऊ नकोस. लेबल नसलेली लाल पावडर होस्टेलच्या खोलीत सापडली तर पुढचं समजावणं फार अवघड जाईल.

बाटली घेतलीस की तिथेच उजेडात बघ. फेरिसायनाइडचे खडे माणकासारखे लाल असतात, कुटले की नारिंगी. लिंबासारखा पिवळा माल हातात आला तर तो फेरोसायनाइड. नावात एका अक्षराचा फरक आहे आणि हा घोळ नेहमी होतो. तो घरी आणून मिसळलास तर ऊन दाखवायच्या आधीच भांड्यात निळा गाळ होईल. सायट्रेट हिरवंच हवं. तपकिरी मिळतं ते या कामाला मंद. ते हवेतलं पाणी ओढतं, जुलैत उघडं राहिलं तर गूळ होतो.

कृती अशी. 'अ' बाटली: सायट्रेट २५ ग्रॅम, पाणी घालून १०० मिली. 'ब' बाटली: फेरिसायनाइड १० ग्रॅम, पाणी घालून १०० मिली. पाणी डिस्टिल्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालतं. बाटल्या तपकिरी काचेच्या. 'अ'ला आठवड्या-दोन आठवड्यांत बुरशी येते. ओव्याच्या फुलाचा एक खडा टाकलास तर येत नाही, आली तर फडक्यातून गाळून घे. दोन्ही वेगवेगळ्या महिनोन् महिने टिकतात. एकत्र केल्यावर मात्र काही तासांचाच खेळ, म्हणून लागेल तेवढंच मिसळायचं. ए-फोर कागदाला २ मिली 'अ' आणि २ मिली 'ब' पुरतं. या हिशेबानं २०० मिलीत पन्नास कागद होतात. पाचशे ग्रॅमची बाटली कोणी गळ्यात मारत असेल तर हा हिशेब आठव. मापायला मेडिकलमधून बिनसुईच्या ५ मिलीच्या दोन सिरिंज घे, एकीवर 'अ', एकीवर 'ब' लिही. बिनसुईची, हे आधी सांग. नाहीतर तिथेही प्रश्न.

ट्यूबलाइट बंद करून पिवळ्या मंद दिव्यात काम कर. फोमचा ब्रश आडवा फिरव, मग उभा, आणि थांब. कागदावर थारोळं साचता कामा नये. ब्रशला पत्र्याची पट्टी असेल तर तिच्यावर टेप गुंडाळ, लोखंड लागलं की निळे ठिपके पडतात. हातात नायट्राइलचे मोजे. स्वयंपाकाचं एकही भांडं, एकही चमचा वापरायचा नाही. अंधारात पंख्याखाली तासभर वाळव. कागद बोटाला गार लागला तर तो अजून ओला आहे. पावसाळ्यात लावलेला कागद त्याच दिवशी वापर, रात्रभरात तो आपोआप निळसर होतो.

कागदाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नवखे लोक रसायनांना दोष देतात आणि गुन्हेगार कागद असतो. हल्लीच्या बऱ्याच चांगल्या कागदांत टिकाऊपणासाठी खडूची भुकटी घातलेली असते. खडू म्हणजे अल्कली, आणि हा निळा रंग अल्कलीत मरतो. कागदाच्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकून कानाशी धर किंवा भिंगातून बघ. बारीक बुडबुडे आले की तो कागद नको. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन दोन-तीन जाडीचे कागद आण, प्रत्येकावर हीच परीक्षा कर, आणि मग ठरव.

वाळलेल्या कागदावर पान किंवा निगेटिव्ह, वर ४ मिमीची साधी काच, चार क्लिपा. निगेटिव्ह पारदर्शक शीटवर इंकजेटनंच काढ. लेझरचा काळा विरळ असतो, त्यातून ऊन गळतं. मग हे सगळं उन्हात ठेव. पिवळट-हिरवा लेप आधी निळा होतो, मग करडा, शेवटी राखेसारखा. गडद भाग राखेवर गेले की उचल. आत्ताच निळं छान दिसतंय म्हणून उचललंस तर धुताना निम्मा रंग मोरीत जाईल. मे महिन्यात भर दुपारी पानांना ५ ते ८ मिनिटं, जानेवारीच्या सकाळी १५ ते २०, ढगाळ ऑगस्टमध्ये अर्धा तासही लागेल. हे अंदाज आहेत. पहिल्याच दिवशी एका पट्टीवर दर २ मिनिटांनी पुठ्ठा सरकवून स्वतःचं कोष्टक करून घे.

धुवायला आधी १ लिटर पाण्यात अर्धा चमचा लिंबूफूल, त्यात मिनिटभर. मग साध्या पाण्यात ५ ते १० मिनिटं, पांढऱ्या भागातला पिवळेपणा जाईपर्यंत. होस्टेलला बोअरचं पाणी असेल तर ते क्षारयुक्त. त्यात तास-तास ठेवलंस की निळा फिका पडत जाईल. शेवटी लिटरभर पाण्यात मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड २ चमचे. कागद बुडवताच आकाशाचा निळा डोळ्यांदेखत शाईचा होतो. ते नसलं तरी दिवसभर हवेवर राहिल्यावर रंग तिथेच पोचतो.

पांढरा भागच निळसर आला तर कारण ओल, जुनं सायट्रेट किंवा लेप लावताना शिरलेला उजेड. धुताना सगळंच वाहून गेलं तर ऊन कमी पडलं, किंवा कागद इतका गुळगुळीत की लेप वरच्यावर बसला. फ्रेम केल्यावर काही महिन्यांत विटलं तर साबणाचा हात किंवा मागचा खडूवाला पुठ्ठा शोध. नुसतं उन्हानं विटलं असेल तर कागद काही दिवस अंधारात ठेव, बराचसा रंग परत येतो.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. होस्टेलच्या बाथरूममध्ये टॉयलेट क्लीनर असतं, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल. तुझी 'ब' बाटली किंवा तिचं सांडलेलं पाणी त्याच्या आसपास जाता कामा नये. आम्ल तीव्र असेल, त्यात उष्णता मिळाली, तर तो घट्ट बांध सुटतो आणि विषारी वायू निघतो. लिंबूफूल, व्हिनेगर सौम्य, ते चालतं. बाथरूम साफ झाल्यावर भरपूर पाणी ओतल्याशिवाय तिथे कागद धुवायचे नाहीत. बाटल्या कुलपात, लेबलवर मराठीत आणि इंग्रजीत नाव, आणि रूममेटला आधी सांगून ठेवायचं.

माल मिळेपर्यंत हात रिकामे कशाला? दोन चमचे हळद अर्धी वाटी सर्जिकल स्पिरिटमध्ये कालव (गॅसपासून लांब), गाळ, कागदाला लाव, अंधारात वाळव. पान ठेवून कडक उन्हात दोन-तीन तास. उघडा भाग विटतो, पानाखालचा पिवळा राहतो. मग कोमट पाण्यात चमचाभर टाकणखार विरघळवून त्यात कागद बुडव: पिवळ्याचा विटकरी लाल होतो. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणानं. हा रंग उजेडात टिकत नाही, वहीत मिटून ठेवावा लागतो. पण ऊन, काच आणि वेळ यांचा अंदाज यात फुकट शिकून होतो, आणि हळद मागितली म्हणून कोणी आधार विचारत नाही.

शनिवारी येणाऱ्या शेजारच्या काकांबरोबर वजनकाटा पाठवतेय. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. सेल काढून वेगळ्या पुडीत ठेवलेत, आणि एका डबीत हिरड्याची पूड आहे. ती आत्ता उघडू नकोस. निळं जमायला लागलं की त्याचं काळं कसं करायचं ते पुढच्या पत्रात लिहिते.

तुझी,
आई