शुगर मोजता, मांडीतली ताकद कोण मोजणार?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितोय. माझी आई ७१ वर्षांची, १४ वर्षांपासून शुगर. वर्षभरात तिचं ६ किलो वजन उतरलं. दवाखान्यात शाबासकी मिळाली, "वा आजी, छान कमी केलंत!" त्याच आठवड्यात न्हाणीतल्या पाटावरून तिला उठता येईना. बायकोनं काखेत हात घालून उभं केलं. बांगड्या कधीपासून कोपरापर्यंत सरकत होत्या, आमच्याच लक्षात आलं नाही.

गावात म्हणतात अंग वाळलं. डॉक्टरांच्या भाषेत सार्कोपेनिया. वयानं स्नायू झिजतातच, मधुमेहात जास्त वेगानं. आणि जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर उचलतात ते हेच स्नायू. कणगीच लहान झाली तर धान्य ठेवायचं कुठं? मग गोळी वाढते.

सल्ला मात्र एकच: चालत जा. चालावंच, पण नुसत्या चालण्यानं मांडीत बळ भरत नाही. जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून म्हाताऱ्यांनाही आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. बॉस्टनच्या १९९० सालच्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या काही जणांकडून ८ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं, त्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. आईला सांगितलं तर म्हणाली, "जन्मभर खुरपलं, आता कसला व्यायाम?"

मागणी छोटी आहे. उपकेंद्रात शुगर-बीपी तपासता तिथं एक खुर्ची ठेवा. हात छातीशी बांधून ५ वेळा उठ-बस करायला लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंबद्दल शंका धरायची, असा आशियाई तज्ज्ञांचा २०१९ सालचा निकष आहे. मोबाईलमधलं घड्याळ पुरतं. आईला १९ लागले, तेही पाचव्यांदा गुडघ्याला हात लावून.

आणि आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट पाठवा. नुसते व्हिडिओ नकोत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेणाऱ्याची साखर व्यायामात एकदम उतरू शकते. डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालेल्यानं श्वास कोंडून जड उचलायचं नसतं. हे सांगायला समोर माणूस लागतो. साहित्य आम्ही बघू, ज्वारी भरलेली पिशवी घरोघर आहे. (गावात खुली व्यायामशाळा आहे, साहेब. तिथं शेळ्या बांधतात.)

पुढच्या तपासणीला आईला घेऊन येतोय. खुर्ची नसली तर घरची आणतो, वेळ तेवढी कुणीतरी मोजा.

आपला,
परभणी जिल्ह्यातला एक शेतकरी