वाकलेला फिन आणि त्याच्या वरचा तळ

रत्नागिरी,
एप्रिलअखेर

प्रिय बाबल,
सप्रेम नमस्कार.

फोटो पोचले. खडपाला (खडकाला) घासून होडीच्या तळाखालचा पुढचा फिन, म्हणजे होडी सरळ चालावी म्हणून बसवलेलं धातूचं पातं, डावीकडे कललाय, मधला जरासा, मागचा शाबूत दिसतो. सरळ करू की नवा घालू, असं तू विचारतोस. त्याचं उत्तर फिनमध्ये नाही, तो ज्या तळाला बसवलाय त्यात आहे. फिन वाकला हे बरंच झालं म्हण. तो ताठ राहिला असता तर बोल्टांनी फायबर उचकटलं असतं.

होडी डावीकडे ओढते म्हणालास. वाकलेला फिन छोट्या सुकाणासारखा वागतो. त्यात हे तिन्ही फिन पंख्याच्या पुढे एका रांगेत असल्यामुळे त्यांच्यामागे ढवळलेलं पाणी थेट पंख्यावर जातं, म्हणून ती थरथर. थोडी ओढ पंख्याच्या फिरण्यामुळे मुळातच असते. ठोकर बसल्यावर वाढली ती तेवढी फिनची. पण ज्या खडपाने फिन वाकवला त्याने पंखाही सोडला नसेल. शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, हाताने फिरव आणि तळावर एक खूण करून प्रत्येक पात्याचं टोक तिथून किती लांब जातं ते मोज. सगळ्या पात्यांचं अंतर सारखं आलं नाही तर पंखा, शाफ्ट आणि स्ट्रट (शाफ्टला तळाखाली धरणारा आधार) आधी, फिन नंतर.

अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणाच्या भरतीला होडी ट्रेलरवर घे. ट्रेलरच्या फळ्या फिनला टेकता कामा नयेत. वाळूवर आडवी तर मुळीच करू नकोस, सगळा भार फिनवर येईल.

वर आल्यावर फिनच्या बुडाभोवती जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत थराला) केसासारख्या चिरा आहेत का बघ. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फिनभोवती हातभर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. आवाज बद्द झाला तर फायबरच्या आतल्या प्लायवुडने किंवा हलक्या बाल्सा लाकडाने पाणी प्यायलंय. अशा वेळी नुसता फिन बदलणं म्हणजे कुजक्या दाराला नवं कुलूप.

होडीवर असतानाच मोठा पाना लावून फिन सरळ करणारे खूप भेटतील, पाच मिनिटांत करूनही देतील. देऊ नकोस. पान्याचा सगळा जोर बोल्टांच्या भोकांवर येतो, सीलंट (फटी बंद करणारा चिकट लगदा) सुटतं आणि गळती महिन्याभराने कळते. फिन काढच. तुझ्या होडीत बोल्ट आतून, बिल्जमधून (होडीच्या आतल्या तळातून) आहेत का खालून, ते आधी बघून घे. नट सुटले तरी जुनं सीलंट फिन सोडणार नाही. तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) तिथे तुटतो. गिटारची पोलादी तार घे, दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांध आणि करवतीसारखी ओढत ने. पहार घालून उचकटलास तर जेलकोट सोबत येईल.

आता धातू. कानस मार, पांढरं निघालं तर अ‍ॅल्युमिनियम, पिवळं निघालं तर ब्राँझ. ओतीव अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वाकवताना बुडाशी तडकतं, आणि तडा डोळ्यांना दिसत नाही. डाय पेनिट्रंटचा, म्हणजे तड्यात शिरणाऱ्या रंगाचा, लाल फवारा मार, दहा-पंधरा मिनिटं थांब, पुसून त्याच्यासोबतचा पांढरा डेव्हलपर मार. तडा असेल तिथे लाल रेघ उठते. रेघ नसेल आणि कल थोडा असेल तर व्हाइसच्या जबड्यात लाकूड घालून थंडच, एका दमात सरळ कर. पुढे-मागे हलवलास की गेला. साबण चोळून तो काळा पडेपर्यंत तापवणारे कारागीर असतात. त्याने वाकणं सोपं होतं, पण धातू मऊ पडतो आणि पुढच्या ठोकरीला पुन्हा वाकतो. मधला असा निभावेल. पुढचा मात्र नवाच घे. तयार मिळाला नाही तर कुडाळच्या एमआयडीसीत टिग वेल्डिंगवाला गाठ. अ‍ॅल्युमिनियमची प्लेट ५०८३ ग्रेडची आणि वेल्डिंगचा रॉड ५३५६चा सांग. माप मागच्या, शाबूत फिनवरून घे.

जुनी भोकं तशीच वापरू नकोस. ८ मि.मी.च्या बोल्टसाठी भोक १४ मि.मी. कर, आतून सुकव, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भर, २४ तासांनी पुन्हा ८ मि.मी. पाड. यानंतर बोल्टमधून गळलं तरी पाणी लाकडात जात नाही. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, म्हणून दुकानदाराच्या चुंबकावर जाऊ नकोस, बोल्टच्या डोक्यावर ए४ (३१६ची खूण) कोरलेलं बघ. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम पिठूळ होतं. मध्ये नायलॉनची बुश आणि इन्सुलेटिंग पेस्ट हवी. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फिनवर तांब्याचा अँटिफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून मारतात तो) कधीच नको. तळाला मारतात म्हणून पोरं फिनलाही फासतात.

बसवताना नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) स्ट्रटच्या मध्यापर्यंत तळावर सूत मार. फिनची पुढची आणि मागची कड त्या रेघेपासून सारख्याच अंतरावर यायला हवी, फरक १ मि.मी.च्या आत. ३० से.मी. लांबीवर ५ मि.मी. चुकलास तरी जवळपास एक अंशाचा कल होतो. बारीक वाटतो, पण वेगात जाणवतो.

सीलंट सिकाफ्लेक्स २९१ किंवा थ्री-एम ४२००. ५२०० नको, ते कायमचं धरतं, सिलिकॉनही नको. बोल्ट धरून ठेव, फक्त नट फिरव. बाजूने सगळीकडून सीलंट बाहेर आलं की थांब. कचकचून आवळलंस तर सगळंच पिळून निघेल आणि मध्ये काही उरणार नाही. आत ६ मि.मी. फायबर शीटची पट्टी घाल, म्हणजे भार पसरेल. सीलंट हवेतल्या दमटपणावरच वाळतं, पण लावायची जागा कोरडी हवी. इपॉक्सीला मात्र दमट हवा सोसत नाही, वर चिकट थर येतो. तो पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचं काम. म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरक. होडी सात दिवस कोरडी ठेव.

फिनच्या मागच्या कडेला बारीक खाच राहिली तर तो वेगात गुणगुणतो. कानशीने ती कड एका बाजूने तिरकी कर, आवाज बंद होईल.

चाचणी कर्लीच्या खाडीत घे, भरतीचं पाणी उभं राहिलं की. एकदा वर, एकदा खाली, दोन्ही वेळा तोच वेग. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा बिल्ज उघडून बघ. होडी पाण्यात दिवसभर राहिली की शाफ्टच्या कपलिंगमध्ये (इंजिनाला जोडणाऱ्या सांध्यात) फीलर गेज (फट मोजायच्या बारीक पट्ट्या) घाल. चारही बाजूंना फरक ०.०८ मि.मी.च्या आत हवा. हे ट्रेलरवर मोजून उपयोग नाही, पाण्यात तळ वेगळा बसतो.

ठोकल्यावर आवाज कुठे बद्द येतो ते खडूने आखून त्याचा फोटो पाठव. मग पुढचं लिहितो.

तुझा मित्र