ट्रायल्सच्या नवशिक्यांना महागडे फ्रीव्हील कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सायकल ट्रायल्स या खेळाची ओळख करून देणारा लेख वाचला. जमिनीला पाय न टेकवता दगड, ओंडके आणि कठडे सायकलने पार करण्याच्या या खेळाला मराठी वृत्तपत्रात एवढी जागा मिळाली, याचे समाधान आहेच. परंतु लेखाच्या शेवटी नवशिक्यांसाठी दिलेली खरेदीची यादी वाचून हे पत्र लिहावेसे वाटले. जास्त खटक्यांचे फ्रीव्हील (पॅडल पुढे दाबले की पकडणारी आणि मागे घेतले की मोकळी फिरणारी दातेरी चकती), हायड्रॉलिक म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे रिम ब्रेक, भोके पाडलेले हलके रिम, पुढचे चाक धरणारा कार्बनचा चिमटा असे सारे काही त्या यादीत आहे. सराव कसा करावा याविषयी मात्र अवघे एक वाक्य आहे. पुण्यात हौसेने ट्रायल्स शिकणाऱ्या मुलांमध्ये मी काही वर्षे वावरतो आहे. ती यादी अशा मुलांच्या पालकांच्या हाती पडली, तर पैसे नको तिथे जातील आणि मुले वर्षभर तिथल्या तिथेच राहतील, अशी मला साधार भीती वाटते. शिकण्याच्या पहिल्या टप्प्यात खर्च करायचा तो केवळ शरीराला इजा होऊ नये म्हणून, आणि बाकी सारा भर सरावावर द्यायचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यादीत सर्वांत वर असलेल्या फ्रीव्हीलचेच पाहू. बाजारात मिळणाऱ्या साध्या फ्रीव्हीलला एका फेरीत अठराच्या आसपास खटके, म्हणजे पकडण्याच्या जागा, असतात. म्हणजे पॅडल मागे घेऊन पुन्हा पुढे दाबताना ते पकडण्याआधी 20 अंशांपर्यंत मोकळे फिरू शकते. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, 170 मिलिमीटरचा धरला, तर पायाखालचे पॅडल जवळजवळ सहा सेंटिमीटर वाया जाते. 72 खटक्यांच्या फ्रीव्हीलमध्ये हेच अंतर दीड सेंटिमीटरवर येते आणि 108 खटक्यांच्या फ्रीव्हीलमध्ये एक सेंटिमीटरवर. मागच्या चाकावर उभे राहून, ब्रेक सोडता सोडता पॅडलला झटका देऊन समोरच्या दगडावर उडी घेणाऱ्या स्वाराला या पाच सेंटिमीटरचे मोल किती, हे सांगायला नको. त्याची सगळी झेप पॅडलच्या पाव फेरीतून यायची असते आणि त्यातलाच मोठा वाटा साध्या फ्रीव्हीलमध्ये मोकळा जातो. लेखकांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की ज्याला मागच्या चाकावर दोन क्षणही उभे राहता येत नाही, त्याला या पाच सेंटिमीटरचा उपयोग काय? त्याची उडी फसते ती कंबर मागच्या एक्सलच्या मागे गेलेली नसते म्हणून, किंवा हात कोपरात वाकलेले असतात म्हणून. पॅडल पकडण्याची पाळी येण्याआधीच तो सायकलवरून उतरलेला असतो.

जी गोष्ट खरोखर बदलायला हवी, तिला अनेकदा पैसाही लागत नाही. ट्रायल्सच्या 26 इंची सायकलला पुढे 22 आणि मागे 18 दात्यांची जोडी सर्रास असते, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत मागचे चाक सव्वा फेरीच्या थोडे आतच फिरते. घरात पडून असलेल्या गिअरच्या जुन्या 26 इंची सायकलवर पुढची लहान 24 दात्यांची आणि मागची 20 दात्यांची चकती निवडली, की जवळपास तेच प्रमाण मिळते. सीट पार खाली ठोकावी किंवा काढूनच ठेवावी. पुढे स्प्रिंगचा चिमटा असेल, तर उडीचा जोर तो खाऊन टाकतो हे खरे. पण त्यासाठी कार्बन कशाला हवा, कुठल्याही सायकल बाजारात मिळणारा साधा लोखंडी चिमटा पुरतो. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यावा, हवा नेहमीपेक्षा कमी ठेवावी, मात्र ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चेंगरेल इतकी कमी नको. सुरुवातीला एवढी तयारी पुरते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी लेखकांच्या बऱ्याच जवळ आहे. ट्रायल्समध्ये ब्रेक एका बोटाने दाबायचा असतो, कारण उरलेल्या बोटांनी हँडल घट्ट धरायचे असते. ब्रेक ढिला असला, की मूल चारही बोटे लिव्हरवर ठेवते, हँडलवरची पकड सुटते आणि ही खोड एकदा लागली, की पुढे मोडता मोडत नाही. तरीही ढिला ब्रेक म्हणजे खराब ब्रेक नव्हे. आमच्याकडे एका मुलाच्या वडिलांनी परदेशी हायड्रॉलिक ब्रेक मागवण्याची तयारी केली होती. सायकल उलटी करून पाहिले, तर ब्रेकची रबरे काचेसारखी गुळगुळीत झाली होती, रिमवर चेनच्या तेलाचा तवंग होता आणि केबल आवरणाच्या तोंडाशी गंजली होती. रबरे पॉलिश पेपरवर घासली, रिम पेट्रोलच्या फडक्याने पुसला, केबल नवी टाकली आणि लिव्हर थोडी आत सरकवली. तोच मुलगा नंतर एका बोटाने मागचे चाक जाम करू लागला. वडिलांनी मागवणी रद्द केली, हे वेगळे सांगायला नको. पुढे गंभीरपणे खेळणाऱ्यांना हायड्रॉलिक रिम ब्रेक लागतो, ग्राइंडरने खरबरीत केलेला रिमही लागतो. पावसाळ्यात ओल्या रिमवर साधी रबरे सरकतात, तेव्हा खरबरीत रिमची पकड टिकते. पण वेल्डिंगच्या दुकानात नेऊन कोणीही ग्राइंडर फिरवला, तर रिमची भिंत पातळ होते आणि रबरे भराभर झिजतात. म्हणून नवशिक्याच्या यादीत ही कृती टाकणे मला धोक्याचे वाटते.

लेखात नसलेली आणि माझ्या मते सर्वांत आधी घ्यायची वस्तू म्हणजे नवी चेन. उभे राहून पूर्ण वजन पुढच्या पॅडलवर टाकत असताना जुनी चेन तुटली, तर पाय खाली निसटतो आणि गुडघा, नडगी किंवा हनुवटी थेट हँडलवर किंवा ते धरणाऱ्या स्टेमवर आपटते. त्याचप्रमाणे झिजलेल्या दात्यांवरून चेन घसरली, तरी परिणाम तोच होतो. दुसरी वस्तू हेल्मेट, तिसरी नडगीची ढाल, फुटबॉलची चालते. हँडल आणि स्टेमच्या जोडावर बारीक चीर दिसते का, हे आठवड्यातून एकदा बोट फिरवून आणि उजेडात धरून पाहावे. ॲल्युमिनिअमचे हँडल मोडण्याआधी वाकून सूचना देईलच, असे नाही. यांवर झालेला खर्च मी कधीच वायफळ म्हणणार नाही.

आता सरावाविषयी, ज्याला लेखात एक वाक्य मिळाले. पहिली पायरी ट्रॅकस्टँडची, म्हणजे सायकल जागच्या जागी उभी ठेवण्याची. पुढचे चाक थोडे वळवायचे, ते वळले त्या बाजूचा पाय पुढे आणि दोन्ही पॅडल जमिनीला समांतर ठेवायची, आणि ब्रेक हलके सोडत-धरत तोल सांभाळायचा. हे कंटाळवाणे आहे, कोणी टाळ्या वाजवत नाही, आणि म्हणूनच मुले ते सोडून थेट उड्यांकडे धावतात. मल्लखांबाच्या आखाड्यात साधी अढी नीट बसल्याशिवाय वस्ताद पुढचे काही करू देत नाहीत, आणि खांब बदलून मागण्याची तर तिथे सोयच नसते. ट्रायल्समध्ये मात्र वस्तादही नाहीत आणि खांब बदलण्याची मुभा मात्र आहे, त्यामुळे तोल बिघडला की दोष सायकलला लागतो. ट्रॅकस्टँडनंतर दोन्ही चाकांवर जागीच उड्या, मग फक्त मागचे चाक उचलून बाजूला सरकवणे, मग पुढचे, आणि त्यानंतर पदपथाच्या कडेइतक्या उंचीवर बाजूने उडी, असा क्रम असावा. पदपथाची कड साधारण 15 सेंटिमीटरची असते, शिकायला तेवढी उंची पुष्कळ झाली. त्याआधी जमिनीवर खडूने रेघ ओढावी आणि दोन्ही चाके तिच्यावरच उतरतात का ते पाहावे. उंची नंतर वाढवता येते. अचूकपणा आधी आला नाही, तर नंतर येणे फार अवघड. उतरायलाही शिकावे लागते. तोल मागे गेला, की ब्रेक सोडून सायकल पुढे जाऊ द्यायची आणि दोन्ही पायांवर मागे उतरायचे, ही कृती अंगवळणी पडल्यावर भीती निम्म्यावर येते, आणि भीती कमी झाल्याशिवाय कंबर मागे जात नाही.

मोबाइलवर संथ गतीने केलेले चित्रण हे या खेळातले सर्वांत स्वस्त उपकरण आहे, असे मी मानतो. मागचे चाक आधी उतरले की पुढचे, हात कधी सरळ झाले, नजर कुठे होती, हे त्यात दिसते. डोळ्यांनी ते कोणालाही टिपता येत नाही.

या खेळाचा उगमही लक्षात घेण्यासारखा आहे. स्पेनमधल्या कॅटलोनियात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माँटेसा या मोटरसायकल कंपनीशी संबंधित असलेले पेरे पी यांनी आपल्या मुलाला मोटरसायकल ट्रायल्सचा तोल शिकता यावा म्हणून इंजिन नसलेली लहान सायकल तयार करून दिली. तो मुलगा, ओट पी, पुढे अनेकदा जगज्जेता झाला. त्या सायकलीतूनच हा खेळ आणि मॉन्टी हा ब्रँड उभा राहिला. सायकल शिकण्यासाठी बनवली गेली, आणि शिकण्याच्या गरजेतून तिचे भाग एकेक करून बदलत गेले, असा तो क्रम आहे. 2012 मध्ये ब्रिटनच्या मार्टिन ॲश्टन यांनी शर्यतीच्या कार्बन रोड सायकलवर, म्हणजे या खेळाला सर्वस्वी गैरसोयीच्या यंत्रावर, ट्रायल्सच्या उड्या करून दाखवल्या. मात्र या उदाहरणावरून कोणतीही सायकल चालते असा निष्कर्ष काढणारे उत्साही लोकही चुकतात, कारण ॲश्टन यांच्या मागे आयुष्यभराचा सराव होता. 2009 मध्ये एडिनबरोतल्या लोखंडी कुंपणाच्या टोकांवरून सायकल नेणारे डॅनी मॅकॅस्किल तेव्हा सायकल दुकानात मेकॅनिक होते. त्यांची सायकल खास ट्रायल्सचीच होती आणि सुटे भाग त्यांच्या हाताशी होते. तरी ते चित्रण पुरे व्हायला काही महिने लागले.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी परदेशी यादी जशीच्या तशी छापल्याने झाकली जाते. ट्रायल्सचे भाग इथल्या दुकानांत सहसा मिळत नाहीत. ते मागवले तर कुरिअर आणि सीमाशुल्क वर पडते, आणि माप चुकले तर परत पाठवणे परवडत नाही. माप चुकणेही सोपे असते: 20 इंची ट्रायल्स सायकलच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, 116 मिलिमीटर रुंदीचा, तर 26 इंचीचा बहुधा 135 मिलिमीटरचा असतो. साध्या सायकलवर शिकणाऱ्या मुलासाठी उत्साहाने आणलेला हब मग कपाटात पडून राहतो. भाग कधी बदलावा, याची माझी कसोटी साधी आहे. कोणत्या कृतीत, नेमक्या कोणत्या क्षणी सायकल कमी पडते, हे स्वाराला स्वतः सांगता आले आणि चित्रणात ते दाखवता आले, की तो भाग जरूर बदलावा, आणि तेव्हा चांगलाच घ्यावा.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुढचा लेख येणार असेल, तर त्यात ट्रॅकस्टँड आणि बाजूची उडी टप्प्याटप्प्याने छायाचित्रांसह दाखवावी, आणि टेकड्यांवर सकाळी फिरायला येणाऱ्यांची वाट न अडवता सराव कुठे करता येईल, याबद्दलही लिहावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे