पार्टिशन उडालं म्हणजे फायली गेल्या असं नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून आमच्या तालुक्यात जुन्या कॉम्प्युटरात विंडोज ११ टाकून द्यायचा धंदा जोरात आहे आणि त्यात लोकांचे डी ड्राईव्ह, ई ड्राईव्ह, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग (पार्टिशन), उडून राहिले. सेटअप म्हणते ही डिस्क एमबीआर आहे, जीपीटी पाहिजे (पार्टिशनची नोंद ठेवायचे हे जुना अन् नवा प्रकार), मग दुकानातला पोट्टा एकेक पार्टिशन डिलीट करत जाते, सगळी जागा अनअलोकेटेड, म्हणजे मोकळी, झाली की नेक्स्ट. मालकाला विचारलं का? काहून विचारते!

आमच्या गावच्या ऑनलाईन सेंटरवाल्या भाऊचं असंच झालं. पीक विम्याच्या पावत्या, लोकांचे स्कॅन केलेले आधार अन् पासबुकं, सगळं डी मध्ये. दुकानदार म्हणे डेटा गेला, नागपूरला नेऊन पाहा, खर्च लय येईन.

अहो, एमबीआर डिस्कवर पार्टिशनचा मुख्य तक्ता पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरात असतो, त्यातही फक्त ६४ बाइट. सातबारा हरवला म्हणून वावर कुठं जात नाही, पण त्यावर दुसऱ्यानं पेरलं तं मग अवघड. म्हणून चूक दिसली की कॉम्प्युटर तिथंच बंद करा, वरून अँटिव्हायरस, प्रिंटरचा ड्रायव्हर काही टाकू नका. भाऊची डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, विंडोज विचारते फॉरमॅट करू का, तिथं कॅन्सल, अन् टेस्टडिस्क नावाचं, उडालेलं पार्टिशन शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. हे फुकट आहे, क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी बनवलेलं, काळी स्क्रीन, माउस नाही, पण घाबरायचं काही काम नाही. अ‍ॅनालाइज, मग क्विक सर्च, जुनं डी दिसलं, पी दाबलं तं आतल्या फायलींची नावं आली. इथं लगेच राइट (सापडलेला तक्ता डिस्कवर लिहिणं) करायची घाई नको. ए दाबून सगळ्या निवडा अन् कॅपिटल सी नं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, त्याच डिस्कवर तं मुळीच नाही.

नवीन विंडोज जेवढ्या जागेत बसलं तेवढ्यातलं गेलं, बाकी बरंचसं मिळालं. उरलेल्यासाठी टेस्टडिस्कसोबत येणारं, फायली हुडकणारं फोटोरेक वापरलं, त्यात फाईल येते पण नाव येत नाही, एकेक पीडीएफ उघडून कोणाची पावती ते पाहत बसा बाप्पा. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली नव्या प्रकारची डिस्क) असली तं गोष्ट वेगळी, फॉरमॅट झाल्यावर तिच्यातली ट्रिम नावाची सोय सगळं मोकळं करून टाकते, मग सहसा काही हाती लागत नाही.

खरं तं विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल २०१७ पासून आहे, डेटा न उडवता डिस्क बदलून देते. पण एक्स्टेंडेड पार्टिशन (ज्याच्या आत आणखी भाग पाडलेले असतात ते) असलं तं ते चालत नाही, अन् जुन्या कॉम्प्युटरात डी, ई बहुतेक त्यातच असतात. तेव्हा आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करणं आलं, त्याला तासन् तास लागतात, दुकानदाराला तेवढा दम नाही. त्यानं वाटल्यास वेगळे पैसे घ्यावे, पण डिलीट दाबायच्या आधी एक फोन करायला काय जाते?

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ