मालकाने शटर ओढले तर बंद, नोकराने काम थांबवले तर नमकहरामी?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२३ मध्ये कांद्यावरच्या ४० टक्के निर्यात शुल्काविरोधात नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. त्यात शेतकऱ्याचे हाल झाले, तरी व्यापाऱ्यांशी चर्चा करायला सरकार पुढे आले आणि व्यापाऱ्यांना कोणी कृतघ्न म्हटले नाही. मेन रोडवरच्या कापडाच्या दुकानात चार सेल्समनांनी मिळून दिवाळीतल्या जादा तासांचे पैसे मागितले, तर मात्र 'ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावरच उलटले' हे वाक्य गिऱ्हाइकाच्याही तोंडून निघते. दुकानाच्या परवान्याला आपण अजून 'गुमास्ता लायसन्स' म्हणतो. गुमास्ता म्हणजे दुकानातला कारकून. दुकानांचा कायदा त्याच्यासाठी झाला, हे त्या नावातच आहे.

एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात 'स्टॉप अँड शॉप' या किराणा साखळीच्या ३१ हजार कामगारांनी ११ दिवस संप केला. आरोग्य विम्याच्या हप्त्यात आणि पेन्शनमध्ये कंपनीने सुचवलेले बदल त्यांना मान्य नव्हते. ईस्टरची ऐन खरेदी असूनही असंख्य गिऱ्हाइके दारातल्या संपकऱ्यांना पाहून परत फिरली. तिथे बहुतेकांचा आरोग्य विमा नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली की दवाखानाही गेला. त्यामुळे कोणत्या मागणीसाठी संप चालू आहे, हे गिऱ्हाइकाला वेगळे समजावावे लागत नाही.

आपल्याकडे माणसाला नोकरीशी बांधणारी ती जागा शेठच्या उचलीने घेतली आहे. आईचे ऑपरेशन, मुलीचे लग्न, गावाकडच्या घराची कौले, या सगळ्याला गल्ल्यातून पैसे निघतात. ही मदत खरी आहे, तिला आम्ही कमी लेखत नाही. पण उचल हे कर्ज असते. ती पगारातून फिटते आणि फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही. प्रॉव्हिडंट फंड नोकर स्वतःच्या नावावर घेऊन जातो. हा फरक लक्षात आला नाही की उपकार आणि हक्क एकाच वहीत लिहिले जातात.

आकडे मांडून पाहा. १३,००० रुपये पगार २६ दिवसांनी भागला की दिवसाचे ५०० आणि आठ तासांच्या हिशेबाने तासाचे ६२ रुपये ५० पैसे होतात. जादा तासाला दुप्पट, म्हणजे १२५. दिवाळीआधीचे नऊ दिवस रोज तीन तास जास्त थांबले की २७ तासांचे ३,३७५ रुपये होतात. त्याऐवजी मिठाईचा पुडा आणि पाचशेची नोट देऊन 'खूश ना?' असे विचारले जाते.

बोनसचेही तसेच. किमान ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या बारा पगारांतला एक. मात्र तो पूर्ण पगारावर मोजत नाहीत. ७,००० रुपये किंवा किमान वेतन, यांतले जे जास्त असेल त्यावर मोजतात. मार्चअखेरचे वर्ष भरून ऑगस्टमध्ये नोकरी सोडलेल्यालाही त्या वर्षाचा बोनस मिळायला हवा. 'दिवाळीला हजर असेल त्यालाच' ही अट कायद्यात नाही. ग्रॅच्युइटी तर मागायचीच कोणाला सुचत नाही. शेवटच्या १३,००० च्या मूळ पगारावर १५ भागिले २६ केले की वर्षाचे ७,५०० येतात, आठ वर्षांचे ६०,०००.

सगळ्यात जास्त नुकसान हजेरीपटावर होते. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. हा भरणा कमी व्हावा म्हणून महिनाभर राबलेल्या माणसाचे कागदावर १२ दिवस दाखवतात. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत त्याचे ७२ दिवस भरतात आणि नियम ७८ चा आहे. सहा दिवस कमी पडले म्हणून पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणातली ७० टक्के पगाराची रक्कम त्याला मिळत नाही. सातपूरच्या विमा रुग्णालयातून घरी आल्यावर हे कळते, तेव्हा उशीर झालेला असतो. प्रत्येक सेल्समनने दर महिन्याला स्वतःचे किती दिवस लागले ते मोबाइलवर पाहावे. फंडाच्या खात्यातले नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का तेही नोकरीत असतानाच तपासावे. नोकरी सुटल्यावर दुरुस्तीच्या अर्जासाठी जुन्या मालकाकडे खेटे घालावे लागू शकतात.

वीस कामगार झाले की प्रॉव्हिडंट फंड लागू होतो, तो आकडा टाळायला काही मालक एकाच दुकानाचे दोन परवाने काढतात, एक स्वतःच्या आणि एक पत्नीच्या नावाने. गल्ला, माल आणि देखरेख एकच असेल तर फंडाचे कार्यालय दोन्ही दुकाने एकत्र धरू शकते आणि मागची थकबाकी व्याजासह येते. त्यात मालकाचाही फायदा नाही.

आता संपाविषयी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कोणत्याही आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, आणि समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरतात. दुकानातला राग बहुतेकदा नेमका असाच निघतो. शनिवारी भांडण झाले की रविवारी कोणी येत नाही. तो संप बेकायदा ठरतो, पगार जातो आणि १,००० ते १०,००० रुपयांचा दंडही होऊ शकतो. म्हणून आधी मागणी लेखी द्यावी, दुसऱ्या प्रतीवर पोचीची सही घ्यावी, सही नाकारली तर ती रजिस्टर पोस्टाने पाठवावी, मग कामगार कार्यालयात जावे.

भारतात दुकान कामगार लढत नाहीत, असेही नाही. केरळात त्रिशूरच्या एका साडी दुकानातल्या महिला २०१४-१५ मध्ये शंभराहून जास्त दिवस आंदोलनात होत्या. दिवसभर उभे राहावे लागते, बसायला मिळावे, ही त्यांची एक मागणी होती. २०१८ मध्ये केरळने आणि २०२१ मध्ये तामिळनाडूने दुकानात बसण्याची सोय कायद्यात आणली. नाशिकच्या काउंटरमागे मात्र स्टूल दिसला तर तो बहुतेक वरच्या फळीवरचे गठ्ठे काढायला असतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १८९० मध्ये. जर्मनीत रविवारच्या विसाव्याला आजही राज्यघटनेचे संरक्षण आहे आणि बहुतेक दुकाने त्या दिवशी बंद असतात. आपल्याकडे २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने ३६५ दिवस उघडी ठेवता येऊ लागली आणि साप्ताहिक सुट्टी पाळीपाळीने आली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाचे तास ९ वरून १० आणि हा कायदा लागू होण्यासाठीची किमान कामगारसंख्या १० वरून २० करण्याचा निर्णय घेतला. शालिमार, रविवार कारंजा, दहीपुलावरच्या छोट्या दुकानांपैकी किती त्यात बसतील, हे बाजारात फेरी मारली तरी कळेल. ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने चोवीस तास दुकाने चालवायला वाट मोकळी केली, त्यातही प्रत्येकाला सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी द्यायची अट आहे.

सिंहस्थात २०२७ ला पंचवटीपासून मेन रोडपर्यंत दुकाने रात्रभर चालतील. आमची विनंती एवढीच की व्यापारी संघटनांनी आणि कामगार कार्यालयाने त्याआधी एकत्र बसून सुट्टीचा पाळीतक्ता दर्शनी भागात लावण्याचे ठरवावे. तक्त्यावर प्रत्येकाचे नाव, सुट्टीचा वार आणि सुटण्याची वेळ असावी, आणि गिऱ्हाइकालाही तो वाचता यावा.

आपले,
दुकानांची हजेरी-पगारपत्रके लिहिणारे काही कारकून, नाशिक