अण्णांची पट्टी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. १४ जून

प्रिय दिलीप,

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "बीपीची गोळी दोन महिने झाले बंद केलीय, काही त्रास नाही बघ." मागून वहिनी काहीतरी बोलल्या आणि तू विषय बदललास. त्या रात्री मला झोप लागली नाही. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहायला बसलोय.

अण्णांचं वाक्य हेच होतं. शब्दन् शब्द हाच.

शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर ते दिवाणजी होते, तुला आठवतंय ना? सौदा उरकेपर्यंत शेतकऱ्याची पट्टी त्यांच्या डोक्यात तयार असायची. रवे किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती. कागदावर मग फक्त उतरवायचं. पन्नाशीत बीपी निघालं, पुढं साखर. डोकं जड वाटलं की गोळी, हलकं वाटलं की बंद, अशी वीस वर्षं गेली. आम्हीही कधी विचारलं नाही.

सत्तरीनंतर ते हळू झाले. विसरले नाहीत, हळू झाले, आणि इथंच आम्ही फसलो. खासबागेतल्या जुन्या कुस्त्या, कुणी कुणाला कुठल्या डावावर पाडलं, सगळं तोंडपाठ होतं. त्यामुळं डोकं शाबूत आहे असंच आम्ही धरून चाललो. पण विजेचं बिल भरायचं म्हणजे आधी काय, मग काय, याचा क्रम लागेना. बोलणं कमी झालं. एक दिवस नातवानं साधा गुणाकार विचारला, तर ते नुसते त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. आई म्हणाली, वय झालं. आम्हीही तेच म्हणालो.

एमआरआय काढला तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर पांढरे डाग दाखवले. एक-दोन नव्हते, जागोजागी होते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू जवळपास २० टक्के तोच घेतो. हा पुरवठा आतल्या भागात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून होतो. वाढलेला दाब वर्षानुवर्षं त्यांच्यावर आदळत राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. साखरही आतून त्यांना पोखरते. मग कुठं रक्त कमी पोचतं, कुठं एखादी बारीक वाहिनी बंद पडते. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. पण मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तारा तुटत जातात, आणि माणूस विसरण्याआधी मंदावतो. स्मृतिभ्रंश म्हटलं की अल्झायमर आठवतो, त्याची सुरुवात बहुधा आठवणीपासून होते. अण्णांचा स्मृतिभ्रंश तसा नव्हता. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांत हे दोन्ही एकत्रच असतं, असंही डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेलो. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली १४ कारणं मांडली. ती सगळी हटवता आली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब. त्यात बीपी आहे, मधुमेह आहे, वाईट कोलेस्टेरॉल आहे, तंबाखू आहे, आणि कमी ऐकू येणंसुद्धा आहे. अमेरिकेत ९ हजारांहून जास्त लोकांवर एक मोठी चाचणी झाली. एका गटाचा वरचा दाब १२० च्या खाली ठेवला, दुसऱ्याचा १४० च्या. २०१९ मध्ये निकाल आला, तेव्हा पहिल्या गटात बुद्धी मंदावण्याची पहिली पायरी जवळपास एक पंचमांशानं कमी दिसली. खुद्द स्मृतिभ्रंश कमी झाला हे मात्र पक्कं सिद्ध झालं नाही, चाचणी आधीच थांबवली होती. म्हणून मी तुला हमी देत नाही. पण अण्णांची ती वीस वर्षं परत मिळाली असती, तर एवढ्या आशेवरसुद्धा मी रोज त्यांच्या हातावर गोळी ठेवली असती.

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. एका आषाढी एकादशीला अण्णांनी उपवास धरला आणि साखर उतरवणारी गोळी मात्र घेतली. दुपारी घामानं भिजून थरथरत होते. साखर फार खाली जाणंही म्हाताऱ्या मेंदूला सोसत नाही. म्हणून मनानं गोळी बंद करायची नाही, तशीच मनानं वाढवायचीही नाही.

तांबडा-पांढरा सोड असं मी तुला कधीच म्हणणार नाही. पण ताटातलं लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ कमी कर. चालायला लाग. मी रोज सकाळी रंकाळ्यावर जातो, पाऊस असला तरी.

उद्याच तुझ्या डॉक्टरांना भेट आणि गोळी बंद केलीय हे लपवू नकोस. घरातलं मशीन काढ. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बस, हात टेबलावर ठेव, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोज. आठ दिवसांचे आकडे मला पाठव. मी वहीत तुझ्या नावाचं पान केलंय, अण्णा पट्टीला आखायचे तसंच आखून. पहिला आकडा सकाळी सातच्या आत येऊ दे. तेव्हा मी रंकाळ्यावरच असतो आणि फोन खिशात असतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुरेश