कूलरचं बिल जपून ठेवा

सर्व सदस्यांना नमस्कार. ऊन तापायला लागलं, घरोघरी कूलरची खरेदी सुरू आहे. मागच्या वर्षी आमच्या नव्या कूलरचा पंप आठव्या दिवशी बंद पडला. दुकानदारानं बिलावर छापलेलं 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' दाखवलं. असं छापलं म्हणून सदोष वस्तूवरचा आपला हक्क जात नाही, गप्प बसू नका! पक्कं बिल मागाच. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. बिघाड झाल्यास आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तरीही दाद मिळाली नाही, तर २ वर्षांच्या आत नागपूर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. अर्ज लिहायला मदत हवी असल्यास रविवारी सकाळी बिल घेऊन सोसायटीच्या कार्यालयात या.